माझी काही तक्रार नाही

आबासाहेब, उद्या संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात तुमची शोकसभा आहे आणि अध्यक्षस्थानी गुलाबरावजी आहेत. हसू नका. आजचे नगराध्यक्ष तेच, तेव्हा आधीच्या नगराध्यक्षाला श्रद्धांजली वाहायचा मानही त्यांचाच. ज्यांनी तुम्हाला खुर्चीवरून खाली ओढलं, तेच उद्या तुमच्या तसबिरीला हार घालणार. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून दोन शब्द बोलायला मलाही बोलावलं आहे. शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा मी पटकन हो म्हणून बसले, आणि काल दुपारपासून माझं कशात लक्ष नाही.

कारण मला दोन शब्द बोलायचे नाहीत, एकच गोष्ट सांगायची आहे. कासार गल्लीतल्या विहिरीची तक्रार माझी होती. ती चिठ्ठी मी लिहिली होती. तुम्ही माझं नाव कोणाला सांगितलं नाही आणि त्यापायी तुमचं पद गेलं, नाव गेलं. मी त्या सभेत बसले होते आणि गप्प राहिले. गप्प राहिले असंही नाही, खोटं बोलले. हे सगळं उद्या गावासमोर सांगायचं आहे, आणि उभी राहिल्यावर माझ्याच्यानं ते होईल की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते.

वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी आल्या. जन्म, शिक्षण, बँकेची नोकरी, नगराध्यक्षपद, पश्चात पत्नी. त्या वाचून मला रागच आला. तुम्ही विशीत बँकेत कारकून म्हणून लागलात, तेव्हा बँक म्हणजे कापसाच्या बाजारामागची एक खोली आणि एक लोखंडी तिजोरी, असं तुम्हीच सांगायचात. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे तुम्ही कागद नंतर मागायचात. आधी म्हणायचात, "उद्या घरी येतो, पाणी प्याले." आणि खरंच जायचात. छकड्यात बसून ढाणकीपर्यंत, उमरखेडच्या पलीकडच्या गावांपर्यंत. ज्याच्या घरी जाल त्याच्या घरचं पाणी प्यायचं, मग तो कोणत्याही जातीचा असो. त्या काळात यावरून तुमच्या घरात काय रामायण झालं, ते काकूंनी मला सांगितलं आहे. "आमच्या सासूबाई याहीले वर्षभर अंगणात जेवाले वाढत," असं म्हणाल्या आणि वर, "पण हे अंगणात बी मजेत जेवत," असंही म्हणाल्या.

तुमचा ठोकताळा साधा होता. ज्याच्या घरी पाण्याचा माठ झाकलेला असेल, पाणी काढायचं ओगराळं खुंटीला टांगलेलं असेल, तो माणूस व्यवहाराला सरळ. मी म्हणायची, हे काही शास्त्र नव्हे. तुम्ही म्हणायचात, "कागद कोणी बी लिहून आणते बाई. माठ कसा लिहून आणन?" मंदीच्या काळात आजूबाजूच्या पेढ्या बसल्या तेव्हाही तुमची बँक उभी राहिली, हे सांगून तुम्ही वाद मिटवायचात. मला तो मिटल्यासारखा कधीच वाटला नाही. झाकलेल्या माठाचेही लबाड लोक मी पाहिले आहेत. माझाच माठ नेहमी झाकलेला असतो.

तुमचा दुसरा नियम तोंड बंद ठेवण्याचा. कोण बँकेत आला, कशाला आला, कोणी कोणाबद्दल काय सांगितलं, हे उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. "मले तं याहीचा पगार बी शेजारणीनं सांगतला," असं काकू तुमच्या देखत म्हणाल्या होत्या. तुम्ही सुपारी कातरत खाली बघून हसलात, आणि आकडा तेव्हाही सांगितला नाही. त्या दिवशी मीही हसले होते. हा नियम पुढे कोणाच्या मुळावर येणार आहे याची मला कल्पना नव्हती.

मी या गावात आले ती नवऱ्याचं घर सोडून, म्हाताऱ्या आईला घेऊन. शाळेच्या अर्जात नवऱ्याच्या नावाच्या जागी मी रेघ मारली होती. त्या रेघेवरून शाळा समितीत कुजबुज सुरू झाली. तुम्ही समितीत होता. चष्म्यावरून बघत तुम्ही विचारलंत, "गणित शिकवता येते?" मी म्हटलं, येतं. "मंग रेघ कायले पाहून राह्यले सारे?" एवढं बोलून तुम्ही अर्जावर सही केलीत. नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. एकटी बाई म्हटल्यावर घराघरांतून नकार. तेव्हा तुम्ही गुलाबरावजींच्या दारात जाऊन उभे राहिलात. बँकेत तुम्ही त्यांचं कर्ज नाकारलं होतं, त्याचा राग ते चारचौघांत बोलून दाखवत. तुम्ही का नाकारलं ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं, कारण तुम्ही सांगितलं नव्हतं. तरी माझ्यासाठी तुम्ही त्यांच्याकडे शब्द टाकलात आणि कासार गल्लीतल्या त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. आजही मी तिथेच राहते.

मग आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो आणि त्याच सुमारास तुम्ही नगराध्यक्ष झालात. नागपूरची राजधानी गेली म्हणून तुम्ही चरफडत होता. "आता गटाराच्या झाकणासाठी मुंबईले कागद धाडा," म्हणायचात. मला मराठी माणसं एका राज्यात आल्याचा आनंद झाला होता. यावरून आपण वाचनालयाच्या पायरीवर इतके भांडलो की ग्रंथपालानं एकदा आपल्याला आत यायची नाहीतर घरी जायची विनंती केली. तो वाद राहूनच गेला. आणखी बरंच राहून गेलं, पण निदान त्या वादाची मला लाज वाटत नाही.

आता विहिरीचं सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, पण उद्या लोकांना सांगायचं तर एकदा सुरुवातीपासून सांगून बघितलं पाहिजे.

माझ्या मागच्या खिडकीतून विहीर दिसायची, आणि विहिरीपासून दहा-बारा हातांवर गुलाबरावजींच्या संडासाचा खड्डा. पावसाळ्यात खड्डा भरून वाहायचा आणि विहिरीच्या त्या बाजूचे दगड काळे, ओले दिसायचे. पहिल्या वर्षी मी नुसतं पाहिलं. दुसऱ्या वर्षी गल्लीतल्या मुली एकेक करून मुदतीच्या तापानं पडायला लागल्या. हजेरीपुस्तकात गैरहजेरी मी लाल शाईनं मांडत असे. महिन्याभरात ती लाल शाई जवळजवळ सगळी कासार गल्लीच्या नावांपुढे होती. त्यातल्या दोघी परत आल्याच नाहीत. दुसरीच्या वर्गातून त्यांची नावं मी स्वतः कमी केली.

त्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली. खड्डा, दगड, मुलींची नावं, सगळं लिहिलं. खाली लिहिलं, माझं नाव कुठेही येऊ देऊ नका, आई अंथरुणाला खिळली आहे, खोल्या गेल्या तर तिला घेऊन मी कुठे जाऊ. चिठ्ठी हजेरीपुस्तकात घालून तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही वाचलीत आणि म्हणालात, "पाहून येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला छत्री आणि काठी घेऊन तुम्ही विहिरीभोवती फिरत होता. मी खिडकीच्या आतून बघत होते. तुम्ही काठीनं दगड खरवडलात, काठीचं टोक नाकाशी नेलंत, खड्ड्यापर्यंत पावलं मोजलीत. वर बघितलं नाहीत.

मग शाळेत येऊन तुम्ही चिठ्ठी माझ्या हातात परत दिलीत. "हे जाळून टाका बाई. माझ्याजवळ राह्यलं तं नगरपालिकेच्या दप्तरात जाईल, आन दप्तर कोणी ना कोणी वाचतेच." मी घरी जाऊन ती चुलीत घातली. तुमचे आभार मानले, मनातल्या मनात. त्या चुलीवर पिठलं केलं आणि आई दोन घास जास्त जेवली म्हणून मला समाधान वाटलं. सुटलो, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीत राहणारे करीमभाई मिस्त्री फळ्या घेऊन आले. तेलाची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, पण नगरपालिकेचं कसलंही काम निघालं की तुम्ही त्यांनाच बोलवायचात. त्यांनी विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि बायकांनी खिडक्यांतून आणि रस्त्यावर येऊन तुम्हाला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. पाण्यासाठी आता नाल्याकाठच्या विहिरीवर जायचं म्हणजे डोक्यावर दोन घागरी घेऊन अर्धा मैल. तुम्ही यवतमाळला पाणी तपासायला पाठवलं होतं, पण उत्तर येईपर्यंत थांबायला कोणाला वेळ होता? गुलाबरावजींनी आठवड्याभरात गावभर केलं, "बँकेतला माणूस. माह्यावरचा राग गल्लीवर काढून राह्यला." तुमचं-त्यांचं वाकडं सगळ्यांना माहीत होतं. लोकांना ते लगेच पटलं.

अविश्वासाच्या ठरावाची सभा दुपारी भरली. मुलींच्या आजारपणाची माहिती द्यायला मला तुम्हीच बोलावून घेतलं होतं. मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते, मांडीवर हजेरीपुस्तक. गुलाबरावजी उठले आणि म्हणाले, "विहिरीची तक्रार कोणी केली, त्याचं नाव सांगा."

तुम्ही म्हणालात, "नाव सांगता येत नाही."

"काहून?"

"विश्वासानं सांगतलेली गोष्ट आहे."

"मंग तक्रारच नाही म्हणा ना! ही काही तुमची बँक नाही, आबासाहेब. इथं सारं उघडं पायजे."

सभासद हसले. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. तुम्ही म्हणालात, मी स्वतः पाहून आलो, तेवढं पुरेसं आहे. पुरेसं नव्हतं, हे त्या खोलीत तुम्हाला सोडून सगळ्यांना कळत होतं. मग गुलाबरावजी माझ्याकडे वळले. मला अजून त्यांचा तो आवाज आठवतो, फार गोड होता. "बाई, तुमी तं त्याच गल्लीत राहता. आमच्याच घरी राहता. त्याच विहिरीचं पाणी पेता. तुमाले काही झालं?"

मी म्हटलं, "नाही."

"तुमची काही तक्रार?"

हजेरीपुस्तक माझ्या मांडीवर होतं, आबासाहेब. ते उघडलं असतं तरी पुरलं असतं. सगळी लाल शाई त्यात होती. मी गुलाबरावजींकडे पाहिलं, मग आईची खाट माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी म्हटलं, "माझी काही तक्रार नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. कारकुनाला म्हणालात, "लिहून घ्या. मुख्याध्यापिकाबाईंची काही तक्रार नाही." तो लिहायला चुकला तेव्हा तुम्ही पुन्हा सावकाश सांगितलंत. इतकं नीट, इतकं बरोबर लिहून घ्यायची काय गरज होती? मला त्या क्षणी तुमचा राग आला होता. आजही येतो. तुम्ही एकदा रोखून बघितलं असतंत तर कदाचित मी बोलले असते. हे मी स्वतःला समजावण्यासाठी म्हणते आहे, हेही मला कळतं.

ठराव पास झाला. तुम्ही उठलात, छत्री घेतलीत, दाराशी करीमभाई उभे होते त्यांना म्हणालात, "आता ते फळ्या काढाले सांगतील. सावकाश काढा, पुन्हा कामी येतील." दुसऱ्या दिवशी विहिरीला नारळ फुटला, रहाटाला हार घातला गेला, गल्लीत पेढे वाटले. मलाही दोन पेढे आले. मी ते खाल्ले.

आणि सगळ्यात लाजिरवाणं अजून सांगितलेलंच नाही. विहीर उघडली त्या दिवसापासून मी तिचं पाणी भरलं नाही. शाळेच्या विहिरीचं पाणी झाकणाच्या डब्यात घालून रोज संध्याकाळी घरी आणत होते. करीमभाईंच्या घरून एकदा विचारणा झाली, बाई इथं पाणी भरत नाही काय? मी म्हटलं, शाळेतून येता येता आणते, सोपं पडतं. एवढं म्हणून जिना चढून वर गेले. गल्ली तेच पाणी पीत राहिली. पुढच्या पावसाळ्यात करीमभाईंची धाकटी जैनब मुदतीच्या तापानं पडली. पोर वाचली, पण तापानं तिचे कान गेले. पूर्ण नाही, पण जवळ जाऊन मोठ्यानं बोलल्याशिवाय तिला ऐकू येत नाही. यवतमाळचा पाण्याचा अहवाल त्याआधीच येऊन पडला होता. पाणी पिण्याला अयोग्य, असं त्यात होतं म्हणे. तो कोणी वाचून दाखवला नाही, कारण वाचून दाखवणारे तुम्ही खुर्चीवर नव्हता. नंतर नळ आले. तुम्ही आखलेल्या योजनेतले, आणि कोनशिलेवर नाव गुलाबरावजींचं.

जैनब माझ्या शाळेत आली, आता तिसरीत आहे. तिच्या बाकाशी वाकून मी रोज बेरजा मोठ्यानं सांगते आणि बाकीच्या मुली हसतात. ती माझ्या ओठांकडे बघत असते. मुलींवर मी ओरडते. मला कोणी ओरडत नाही.

तुम्ही तर नाहीच. पद गेल्यावर चारच महिन्यांनी तुम्ही शाळेच्या बक्षीस समारंभाला आलात, पाहुणे म्हणून नव्हे, मागच्या रांगेत बसायला. मी कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळून येताना तुम्ही समोर दिसलात तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. तुम्ही पलीकडून हात उंचावून विचारायचात, "बरं आहे ना बाई?" दिग्रसहून येताना एकदा एस.टी.त आपण एका बाकावर आलो. गाडी वाटेत दोनदा बंद पडली, चांगले अडीच तास तुम्ही शेजारी होता. तुम्ही नव्या कापसाच्या जातीबद्दल बोललात, काकूंच्या गुडघ्याबद्दल बोललात, मुलींना भूमिती लवकर शिकवावी की नाही यावर माझ्याशी वाद घातलात. शेवटी मी म्हटलं, "आबासाहेब, त्या विहिरीचं..." तुम्ही लगेच हात वर केलात. "ते खातं बंद झालं बाई." आणि खिडकीबाहेर बघायला लागलात.

मला हायसं वाटलं. तुम्ही मला बोलू दिलं नाही, यात माझा काय दोष, असं मी घरी येईपर्यंत मनाशी पक्कंही करून टाकलं. पण आबासाहेब, तुमचंही चुकलं. माणसाचं नाव झाकणं म्हणजे त्याचं भलं करणं, ही तुमची बँकेतली समजूत होती. मी तुमची खातेदार नव्हते. मी मुलींची शिक्षिका होते. तुम्ही मला झाकलंत आणि मी त्या झाकणाखाली आरामात राहिले. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. खोल्यांची भीती तेव्हाच संपली. मग गेली तीन वर्षं मी कोणाला भ्यायले?

गेल्या महिन्यात काकूंनी निरोप दिला की तुम्ही अंथरूण धरलं आहे, आणि मी परीक्षा आहेत म्हणून सांगितलं. परीक्षा खरंच होत्या. पण रविवारी नसतात परीक्षा.

उद्या बोलते. नक्की बोलते.

*

हे सभेच्या दुसऱ्या दिवशी लिहिते आहे.

मी बोलले. सांगायला आनंद वाटेल असं वाटलं होतं, पण आधी काय झालं ते ऐका. गुलाबरावजींनी तुमच्यावर वीस मिनिटं भाषण केलं. तुम्ही द्रष्टे होता, असं म्हणाले. मग माझं नाव पुकारलं. मी कागद नेला नव्हता. मी उभी राहिले आणि सरळ म्हटलं, "कासार गल्लीच्या विहिरीची तक्रार मी केली होती. आबासाहेबांनी सूड म्हणून विहीर बंद केली नव्हती. माझ्या चिठ्ठीवरून केली होती, स्वतः जाऊन पाहून केली होती. मी नाव झाकायला सांगितलं म्हणून त्यांनी झाकलं. मी या गावासमोर खोटं बोलले. त्यांचं पद माझ्यामुळे गेलं, आणि नंतर आजारी पडलेल्या मुलीही माझ्यामुळे पडल्या." मला स्वतःचं आश्चर्य वाटलं.

मी गुलाबरावजींकडे पाहिलं. ते चिडतील, उठून जातील, खोल्या खाली करा म्हणतील, असं वाटत होतं. ते उठले, दोन्ही हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "बाईचं मन पाहा. गेलेल्या माणसावरचा डाग आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या. याले म्हणतात कृतज्ञता!"

मी म्हटलं, "मी खरं सांगते आहे."

"हो, हो. बसा बाई, बसा. पाणी द्या बाईले."

मी आणखी बोलायला गेले. तोवर दोघीजणी मला धरून खाली बसवत होत्या. समोरच्या रांगेतले म्हातारे वकील डोळे पुसत होते. एकानं मोठ्यानं विचारलं, चिठ्ठी कुठे आहे? मी म्हटलं, जाळली. तर तो मान हलवून इतक्या समजुतीनं हसला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तुम्ही मला चिठ्ठी जाळायला सांगितलीत, आबासाहेब. सगळं इतकं स्वच्छ जाळलं आपण, की आता माझी लबाडी लोकांना माझा चांगुलपणा वाटते. बाहेर पडताना प्रत्येक जण जवळ येऊन म्हणत होता, असं मन पायजे. ग्रंथपालानं सभेचा वृत्तांत लिहिला आहे, मी तो पाहून आले. "मुख्याध्यापिकाबाईंनी अत्यंत हृद्य शब्दांत आदरांजली वाहिली." बस, एवढंच.

आज सकाळी मी करीमभाईंच्या दुकानात गेले. काल ते सभेत मागे, दाराजवळ उभे होते आणि मी बसल्यावर निघून गेले होते. ते एका इंजिनाचा पंखा खोलत बसले होते. मी म्हटलं, "करीमभाई, मी काल सांगितलं ते खरं होतं."

"माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"फळ्या ठोकल्या तव्हापासून." त्यांनी मान वर केली नाही. "आबासाहेब बाजूले उभे होते. गल्लीतल्या साऱ्या खिडक्याइत बाया, शिव्या देऊन राह्यल्या. ते हरेक खिडकीकडे पाहून हात जोडत. तुमच्या खिडकीकडे एकदा बी नाही पाह्यलं. मी म्हणलं, असं काहून? मंग समजलं."

"मग इतकी वर्षं तुम्ही कोणाला का नाही सांगितलं?"

"ते नाही बोलले. मी कायले बोलू?"

मी उभीच होते. नेहमी ते लगेच स्टूल पुढे सरकवतात. आज सरकवलं नाही. मी म्हटलं, "जैनबसाठी मी काय..."

त्यांनी पान्हा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. "बाई, काल तुमी बोलल्या, लोक म्हणे वा वा. तव्हा बोलल्या असत्या तं लोक तुमाले शिव्या देत. पण विहीर बंद राह्यली असती."

ते पुन्हा पंख्याकडे वळले. मी निघाले.

आबासाहेब, काल अख्ख्या गावानं मला न मागता माफ केलं. माझं खरं मानणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानं माफ केलं नाही. त्यामुळे मला बरं वाटलं असं लिहिणार होते. पण ते लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. मला बरं वाटलेलं नाही.